छू छ्यूबाय : नेतेपण न पेललेला क्रांतिकारक

चिनी क्रांती म्हटलं, की माओ आणि लाँग मार्च एवढंच आपल्याला चटकन आठवतं. माओच्या आधी ज्यांनी चिनी कम्युनिस्ट पक्ष घडवला, त्यांची नावं आपल्याकडे क्वचितच निघतात. त्यांतला छू छ्यूबाय मला फार मोलाचा वाटतो. वयाच्या २८व्या वर्षी तो पक्षाचा प्रमुख झाला, ३६व्या वर्षी गोळीला सामोरा गेला आणि जाण्यापूर्वी स्वतःविषयी जे लिहून गेला, ते लिहायला फार मोठं काळीज लागतं.

छूचा जन्म १८९९चा, जिआंग्सू प्रांतातल्या चांगचौचा. घराणं पिढीजात विद्वान अधिकाऱ्यांचं, पण वैभव ओसरलेलं. कर्जबाजारीपणाला कंटाळून १९१६ साली आईने विष घेतलं आणि घराची वाताहत झाली. पुढल्या वर्षी तो बीजिंगला आला. विद्यापीठाची फी परवडणारी नव्हती, म्हणून परराष्ट्र खात्याच्या रशियन भाषा संस्थेत दाखल झाला. तिथे फी नव्हती. गरिबीपायी धरलेल्या त्या वाटेवर त्याला टॉलस्टॉय भेटला आणि पाठोपाठ रशियन क्रांतीही. १९१९च्या विद्यार्थ्यांच्या ४ मेच्या आंदोलनात तो उतरला, ली दाचावच्या मार्क्सवादी अभ्यासमंडळात जाऊ लागला.

१९२०च्या ऑक्टोबरात बीजिंगच्या 'चेनबाओ' दैनिकाचा वार्ताहर म्हणून तो रशियाकडे निघाला. वाटेत हार्बिनला रखडत जानेवारी १९२१मध्ये मॉस्कोला पोचला. तिथे दुष्काळ होता, खायला काळा पाव आणि त्याच्या छातीत क्षय. तरीही कॉमिन्टर्नच्या, म्हणजे कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या, तिसऱ्या अधिवेशनात त्याने लेनिनला पाहिलं, यास्नाया पोल्यानाला जाऊन टॉलस्टॉयचं घर पाहिलं. 'भुकेल्या देशाकडे' आणि 'लाल राजधानीतलं मन' या अर्थाची नावं असलेली त्याची दोन पुस्तकं या मुक्कामातली. त्यांत क्रांतीचं कौतुक आहे आणि स्वतःच्या मनाची घालमेलही. ही घालमेल पुढे कधी थांबली नाही.

१९२३मध्ये तो मायदेशी परतला. 'इंटरनॅशनल' गीताचा त्याचा चिनी अनुवाद त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. शांघाय विद्यापीठात तो समाजशास्त्र विभागाचा प्रमुख झाला. इथवर सारं त्याच्या पिंडाला साजेसं होतं.

मग १९२७ उजाडलं. एप्रिलमध्ये कुओमिन्तांगच्या चँग कै-शेकने आघाडी मोडून शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल केली. आपल्या मानवेंद्रनाथ रॉय यांच्यासह कॉमिन्टर्नचे प्रतिनिधी वुहानमध्ये होते. त्यांचे आपसातले मतभेद मिटेनात आणि तिथली कुओमिन्तांगशी असलेली आघाडीही मोडली. ७ ऑगस्टला हांखौमध्ये गुप्त बैठक झाली, पक्षप्रमुख छन दूश्यूचं नेतृत्व गेलं आणि धुरा छूच्या खांद्यावर आली. त्याच्या कारकिर्दीत उठावामागून उठाव झाले. डिसेंबरातला ग्वांगचौचा उठाव तीन दिवसांत चिरडला गेला, हजारोंची कत्तल झाली आणि त्याचा जुना सोबती चांग थायलै मारला गेला. हुकूम मॉस्कोचे असले, तरी या रक्तपाताच्या जबाबदारीतून छूला सोडता येणार नाही. १९२८मध्ये नेतृत्व दुसऱ्यांकडे गेलं आणि १९३१च्या जानेवारीत त्याला पॉलिट ब्यूरोतूनही काढण्यात आलं.

पदावरून उतरल्यावर मात्र त्याच्या लेखणीला बहर आला. शांघायमध्ये भूमिगत असताना तो डाव्या लेखकांच्या चळवळीचा आधार बनला. थोर चिनी लेखक लू शुनशी त्याची जिवाभावाची मैत्री जमली. पोलिसांची पाळत वाढली, की तो आणि त्याची पत्नी यांग चिहुआ लू शुनच्या घरी आसरा घेत. तिथे छूने लिहिलेले काही लेख लू शुनने स्वतःच्या टोपणनावांनी छापले. लू शुनच्या निबंधांची निवड करून छूने १९३३मध्ये तिला जी प्रस्तावना लिहिली, ती चिनी समीक्षेत आजही मानाची आहे.

१९३४मध्ये त्याला रुईजिनच्या सोव्हिएत तळावर शिक्षणखातं मिळालं. ऑक्टोबरात लाँग मार्च निघाला, तेव्हा क्षयाने पोखरलेल्या छूला मागे ठेवण्यात आलं. फेब्रुवारी १९३५मध्ये तो फुजियान प्रांतात पकडला गेला. आपण डॉक्टर असल्याचं त्याने सांगून पाहिलं, पण ओळख पटलीच. चांगथिंगच्या कोठडीत तो शिक्के कोरायचा. पहाऱ्यावरचे अधिकारी त्याच्याकडून सुलेखन मागून न्यायचे. मे महिन्यात तिथेच त्याने 'अनावश्यक शब्द' लिहिलं. आपण मुळात साहित्याचा माणूस, राजकीय नेतेपण आपल्याला कधी पेललंच नाही, मार्क्सवादाचं आपलं ज्ञानही तुटपुंजं, असं त्यात तो मोकळेपणी सांगतो. शेवटी जगाचा निरोप घेताना त्याला आठवतो तो चिनी टोफू. त्याची चव जगात कुठे नाही, असं तो म्हणतो. पक्ष सोडण्याच्या अटीवर जीव वाचला असता. ती अट त्याने नाकारली आणि १८ जूनला त्याला गोळ्या घातल्या गेल्या.

लू शुनने स्वतःच्या अखेरच्या आजारपणात मित्राचे अनुवाद संपादित करून त्यांचे दोन खंड सिद्ध केले. पक्षाने १९५५मध्ये छूच्या अस्थी बीजिंगच्या बाबाओशान स्मशानभूमीत सन्मानाने ठेवल्या. पण सांस्कृतिक क्रांतीत 'अनावश्यक शब्द'मधला तोच कबुलीजबाब पुरावा ठरला, छू 'गद्दार' ठरला आणि त्याची समाधी फोडली गेली. यांग चिहुआ छळ सोसत १९७३मध्ये वारली. १९८०मध्ये पक्षाने हा कलंक पुसला, तो पाहायला ती उरली नव्हती.

मरणाच्या दारात माणसं स्वतःला मोठं करून ठेवतात. छूने स्वतःला आहे तेवढंच मांडलं आणि तरीही शरणागती पत्करली नाही. श्रद्धा आणि शंका एकाच मनात नांदू शकतात, हे त्याच्या पक्षाला पंचेचाळीस वर्षं उमगलं नाही. ज्या चळवळीला आपल्या माणसाचा प्रामाणिकपणा सोसवत नाही, तिला त्याचं हौतात्म्य मिरवण्याचा अधिकार नाही. हे चीनपुरतं खरं नाही. प्रत्येक झेंड्याखालच्या माणसांनी ते ध्यानात ठेवावं.