खेळाचे यंत्र आणि पेढीची वही

जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला, त्याच महिन्यात सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत पेढीवर पहिला संगणक आला. तोवर तेथील सारा व्यवहार लाल कापडी बांधणीच्या रोजमेळात आणि खतावणीत चालत असे. चार गाभ्यांचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी मेमरी आणि एक साधी हार्ड डिस्क एवढाच त्या यंत्राचा ऐवज होता. पुढे पेढीवर लॅपटॉप आला, संगणक घरी गेला आणि घरातील मुलाने साठवलेल्या पैशांतून त्यात जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड बसवले. हे कार्ड सुमारे पंचाहत्तर वॅटमध्ये भागवते, त्यामुळे जुना वीजपुरवठा बदलावा लागला नाही. मुलगा त्यावर अभ्यास करी, खेळे. आणि रात्री जेवणानंतर दिवाणजी येऊन त्याच यंत्रावर दिवसाचा हिशेब पुरा करीत. एकाच यंत्रावर पेढीची वही आणि मुलाचा खेळ नांदत आहेत, यात कोणालाच काही गैर वाटले नव्हते.

एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात हंगाम भरात होता. सौदे रोज निघत होते. त्या दिवसांत मुलाने एका महागड्या खेळाची फुकटची, कुलूप फोडलेली प्रत कुठून तरी उतरवून घेतली. ती चालवायची तर आधी अँटिव्हायरस बंद करावा, अशी सूचना सोबत होती. त्याने ती पाळली. रात्री दिवाणजींनी संगणक सुरू केला तेव्हा हिशेबाच्या सगळ्या फाइल्स कुलूपबंद झाल्या होत्या आणि त्या उघडण्यासाठी खंडणी मागणारा इंग्रजी मजकूर पडद्यावर होता. दिवाणजी भाचीच्या लग्नाला गेल्यामुळे पेनड्राइव्हवरची शेवटची प्रत अकरा दिवसांपूर्वीची होती. त्या अकरा दिवसांत ३१ मार्च येऊन गेला होता. मार्चचे जीएसटीआर-१ भरण्याची मुदत ११ एप्रिलला संपत होती.

खंडणी देण्याचा प्रश्नच नव्हता. पेढीवरील लॅपटॉपवर जुनी प्रत चढवण्यात आली. कागदी पट्ट्या, तोलाईच्या चिठ्ठ्या, बँकेचे उतारे असे सगळे गोळा झाले. तीन रात्री मुलगा एकेक पट्टी मोठ्याने वाचत होता आणि दिवाणजी नोंद करीत होते. शेतकऱ्याचे नाव, पोती, वजन, दर, अडत, हमाली, तोलाई. तिसऱ्या रात्री मुलाचा घसा बसला. विवरणपत्र ११ तारखेला संध्याकाळी गेले. त्या तीन दिवसांत घरात कोणी आवाज चढवला नाही, आणि मुलाला तेच सर्वांत जड गेले असावे.

ही पार्श्वभूमी माहीत असल्याखेरीज त्याच घरात दिवाळीच्या तोंडावर झालेल्या चर्चेचे वजन कळणार नाही. मुलगा आता अकरावीत होता. वाढदिवसाची आणि लग्नकार्यांतली पाकिटे जमवून त्याच्याकडे सव्वीस हजार रुपये झाले होते. त्याने वडिलांसमोर एक कागद ठेवला. एका बाजूला लिहिले होते, ‘संगणक वाढवणे’. दुसऱ्या बाजूला, ‘प्लेस्टेशन ५’.

“अण्णा, तुम्ही जे ठरवाल ते. पण आधी हे वाचा,” एवढेच तो म्हणाला.

व्यापाऱ्याच्या घरात अशा कागदाची छाननी भावनेने होत नाही, हे मुलाचे सुदैवच म्हणावे लागेल. अण्णांनी कागद दोन दिवस गल्ल्यात ठेवला आणि मग एकेक बाबीवर बोट ठेवत विचारायला सुरुवात केली.

संगणकाची बाजू वरवर स्वस्त दिसत होती. यंत्र घरात आहेच, केवळ कार्ड बदलायचे. तीस हजारांच्या आसपास काम होईल, असा मुलाचा मूळ अंदाज होता. पण संगणकाचे भाग एकमेकांना बांधलेले असतात. नव्या कार्डाला वीज जास्त लागते आणि जुन्या पुरवठ्याला त्यासाठीची जोडणीच नव्हती. म्हणजे वीजपुरवठा नवा. कार्ड बलवान आणि प्रोसेसर आठ वर्षांपूर्वीचा असेल तर कार्डाला पुरेसे काम पोहोचत नाही. हळदीच्या पॉलिशचा ड्रम मोठा घेतला आणि पोती शिवणारा मात्र एकच ठेवला, तर माल ड्रमपाशीच साचतो. तसाच हा प्रकार. मग प्रोसेसर बदलावा, तर त्या पिढीच्या मदरबोर्डावर पुढच्या पिढीचा प्रोसेसर बसत नाही. म्हणजे मदरबोर्डही नवा. बोर्ड डीडीआर-५ चा घेतला, तर जुनी डीडीआर-४ मेमरी निकामी. नवे खेळ हार्ड डिस्कवर रखडतात, म्हणून एसएसडी. अखेर जुन्या यंत्रातले काय उरते, असे अण्णांनी विचारले तेव्हा मुलाने प्रामाणिकपणे उत्तर दिले, “डबा आणि कीबोर्ड.” आकडा सत्तर हजारांच्या वर गेला होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका परिचिताला फोन करून भाव पडताळला. फरक दोन-तीन हजारांचाच निघाला. शिवाय मेमरीचे भाव चढणीला लागल्याचे त्याने सांगितले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी होणाऱ्या मागणीमुळे पुढच्या महिन्यांत ते खरोखरच भडकले. २०२१ मध्ये आभासी चलन खोदणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डे उचलली, तेव्हा सामान्य गिऱ्हाइकाची अशीच अडचण झाली होती. या बाजारात तेजी-मंदी हळदीहून कमी नाही.

त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी अधिकृतपणे मान्य असलेल्या इंटेल प्रोसेसरांची यादी, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. हा सातव्या पिढीचा. वर्षभराची वाढीव सुरक्षा-मुदत घेता येत होती, पण एप्रिलच्या अनुभवानंतर अशा यंत्रावर पेढीचा हिशेब ठेवायला कोणीच धजावणार नव्हते.

दुसरी बाजू कन्सोलची. अण्णांच्या पिढीने नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे, कॅसेट घालायचे खेळयंत्र पाहिले होते. मारिओ आणि काँट्रा खेळता खेळता कॅसेट अडली की ती काढून तोंडाने फुंकर मारायची, हा त्या काळचा सार्वत्रिक उपाय होता. आजचे कन्सोल हा मुळात एक बंदिस्त संगणकच आहे. प्लेस्टेशन ५ मध्ये आठ गाभ्यांचा एएमडी प्रोसेसर, १६ जीबी मेमरी आणि वेगवान एसएसडी असते. भारतात ते २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आले तेव्हा डिस्कच्या आवृत्तीची किंमत ४९,९९० रुपये होती आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ५४,९९० झाली. जुना होत जाणारा माल महाग व्हावा, हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या व्यवहारात नवलच. तरीही तेवढ्या पैशांत तेवढ्या क्षमतेचा संगणक जुळवता येत नाही, हे मान्य करावे लागते.

असे का, याचे उत्तर व्यापाऱ्याला लगेच पटते. कन्सोल बनवणारी कंपनी यंत्रावर फारसा नफा ठेवत नाही. आरंभीच्या काळात तोटाही सोसते. नफा पुढच्या मालात असतो. तिच्या दुकानातून विकल्या जाणाऱ्या खेळांवर साधारण तीस टक्के अडत तिच्या पदरात पडते आणि मासिक किंवा वार्षिक वर्गणी वेगळी. विकत घेतलेला खेळ इतरांबरोबर ऑनलाइन खेळायचा, तर प्लेस्टेशनवर बहुधा वर्गणी भरावी लागते. फोर्टनाइटसारख्या मोफत खेळांना ती लागत नाही. संगणकावर अशी वर्गणी नाही. तेथे खेळांचे दुकानही एकच नाही, त्यामुळे भावात स्पर्धा असते. स्टीमवर उन्हाळी आणि हिवाळी विक्रीत जुने खेळ निम्म्याहून कमी दरात मिळतात. प्लेस्टेशनचा नवा मोठा खेळ मात्र महाग पडतो.

“म्हणजे ताटली फुकट आणि आमटीला पैसे,” आजोबा म्हणाले. ते इतका वेळ पेपर वाचत असल्याचे भासवत होते.

येथे अण्णांना एक गोष्ट विशेष भावली. डिस्कच्या आवृत्तीत खेळाची डिस्क हाती असते. खेळून झाल्यावर ती विकता येते, मित्राच्या डिस्कशी अदलाबदल करता येते. संगणकावरचा खेळ खात्याला बांधलेला असतो, त्याला परतीचा भाव नाही. केवळ डाउनलोडवर चालणारी स्वस्त आवृत्ती त्यांनी याच कारणाने बाजूला सारली. चार-पाच हजारांच्या बचतीसाठी मोडीची किंमत सोडून द्यायची, हा सौदा त्यांना कच्चा वाटला. अनेक घरांत नेमकी हीच चूक होते.

आजोबांची शंका निराळी होती. ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली, हे त्यांनी वाचले होते. “हे सगळे बंद झाले ना रे?” मुलाने समजावून सांगितले की बंदी पैसे लावून खेळण्यावर आहे, त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना मान्यताही आहे. आजीचा प्रश्न आणखी सरळ होता: “त्यात मारामारी किती?” या प्रश्नाला हसण्याचे कारण नव्हते. अशा घरात तो विचारला जाणारच. खेळाच्या वेष्टणावर वयाची खूण असते. युरोपीय पद्धतीत ती ३, ७, १२, १६ आणि १८ अशी आहे. कन्सोलवर पालकाच्या खात्यातून वयाची मर्यादा, रोजच्या खेळाचा वेळ आणि महिन्याचा खर्च या तिन्हींना कुलूप घालता येते. संगणकावरही तशी सोय आहे, पण सोळा वर्षांच्या हुशार मुलापुढे ती किती टिकेल, याची शाश्वती कमीच.

आईने व्यवहाराचा मुद्दा काढला. कन्सोल टीव्हीला जोडायचे, म्हणजे दिवाणखाना त्याचा. तो खोलीत दार लावून खेळणार नाही, ही जमेची बाजू; संध्याकाळी पाहुणे आले की खेळ थांबवावा लागेल, हे त्याने आधीच कबूल करावे. विजेचाही हिशेब झाला. खेळताना कन्सोल साधारण दोनशे वॅट घेते. रोज दोन तास धरले तर महिन्याला बारा युनिट. मध्यम ग्राफिक्स कार्डाचा संगणक आणि मॉनिटर मिळून तेवढ्याच वेळात अठरा-वीस युनिट. फरक आहे, पण निर्णय फिरवण्याएवढा नाही.

निर्णय फिरवणारा मुद्दा वेगळाच होता आणि तो मुलानेच कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिला होता: ‘कन्सोलवर काही बनवता येत नाही.’ पुण्यातील नॉडिंग हेड्स या चमूने ‘राजी’ हा खेळ तयार केला. २०२० मध्ये तो आधी निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावर आणि मग संगणक, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर आला. तो खेळला जातो कन्सोलवर, पण घडतो संगणकावरच. मुलाला ब्लेंडर हे त्रिमित चित्रांचे मोफत सॉफ्टवेअर शिकायचे होते. संगणकाच्या बाजूचा हा एकच मुद्दा असा होता, ज्याच्यापुढे भावांची तुलना फिकी पडते. ज्या घरात मूल असे काही शिकत असेल, तेथे कन्सोल स्वस्त पडते म्हणून संगणक टाळणे ही काटकसर नव्हे.

अण्णांनी तेव्हा एक प्रश्न विचारला. शिकण्यापुरता आहे तो संगणक चालेल का? मुलाने थोडा विचार करून होय म्हटले. सुरुवातीच्या कामाला जुने कार्ड पुरते. मित्रांबरोबर खेळला जाणारा व्हॅलोरंटही त्यावर ठीक चालतो. अडत होते ते नवे, मोठे, कथा सांगणारे खेळ. आणि त्यांतले काही तर प्लेस्टेशनवर आधी येतात, संगणकावर मागाहून. २०१८ चा ‘गॉड ऑफ वॉर’ संगणकावर यायला २०२२ चा जानेवारी उजाडला होता.

मग उलगडा सोपा झाला. सत्तर हजारांचे एक यंत्र घेऊन त्यावर पुन्हा खेळ, अभ्यास आणि पेढी यांची खिचडी करण्याऐवजी तिन्ही वेगळे करायचे. हिशेबाचा संगणक घरातून कायमचा हलला. सगळा हिशेब पेढीच्या लॅपटॉपवर, त्यावर दुसरे काहीही नाही. जुना संगणक हिशेबाच्या सर्व फाइल्स पुसून मुलाला शिकायला. आणि दिवाणखान्यात कन्सोल, सणाच्या सवलतीत पन्नास हजारांच्या आत.

यात एक फाटा फुटला. दुकानदाराने सुचवले की बिल पेढीच्या नावे करावे, म्हणजे कराची वजावट मिळेल. अण्णा क्षणभर थबकले. दिवाणजींनी मान हलवली. खासगी वापराच्या वस्तूवर भरलेल्या कराची वजावट घेता येत नाही. कायद्याच्या कलम १७(५) मध्ये ते स्पष्ट आहे. पेढीच्या संगणकावर ती घेता येते, आयकरात चाळीस टक्के घसाराही मिळतो. पण मुलाचे खेळणे संगणक म्हणून वहीत चढवले, तर एप्रिलमध्ये तीन रात्री जागून जी वही नीट केली तीच पुन्हा खोटी होईल, असे काहीसे ते पुटपुटले. बिल अण्णांच्या स्वतःच्या नावे झाले.

पाडव्याच्या संध्याकाळी यंत्र जोडले. त्यात आधीपासून असलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ या छोट्या खेळात एके ठिकाणी पंखा फिरवण्यासाठी हातातल्या कंट्रोलरवर फुंकर मारावी लागते. मुलगा ते समजावून सांगेपर्यंत अण्णांनी कंट्रोलर तोंडाजवळ नेला होता.

दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी रोजमेळ उघडून विचारले, “अण्णा, ही रक्कम कुठल्या खाती?”

“घरखर्च खाती. सव्वीस हजार चिरंजीवांच्या नावे जमा दाखवा,” अण्णा म्हणाले, आणि त्या रात्रीचा पेनड्राइव्ह मागून घेऊन तिजोरीत ठेवला.