माशांच्या बरण्यांपासून कुलगुरूंच्या खुर्चीपर्यंत

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष मूळचे माशांचे अभ्यासक. डेव्हिड स्टार जॉर्डन (१८५१–१९३१) यांची कारकीर्द थक्क करते आणि अस्वस्थही.

विद्यार्थी आणि मास्तरही : कॉर्नेल विद्यापीठात शिकत असतानाच ते वनस्पतिशास्त्र शिकवत होते. १८७२मध्ये बी.एस.ची पायरी वगळून त्यांना थेट एम.एस. मिळाली!

बेटावरची शाळा : १८७३च्या उन्हाळ्यात पेनिकीज बेटावर निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांच्या हाताखाली ते शिकले. पुस्तक बाजूला ठेवा, प्राणी बघा, हा अगासींचा धडा. मग माशांचा नाद आयुष्यभर सुटला नाही.

पस्तिशीच्या आत अध्यक्ष : १८८५मध्ये इंडियाना विद्यापीठाची सूत्रं त्यांच्याकडे आली. त्याआधीचे तिथले सगळे अध्यक्ष धर्मोपदेशक होते.

पगार घरखर्चातून : १८९१मध्ये ते स्टॅनफर्डला गेले. दोनच वर्षांत संस्थापक लेलँड स्टॅनफर्ड वारले आणि मालमत्ता कोर्टकचेरीत अडकली. तेव्हा त्यांच्या पत्नी जेन यांनी कोर्टाने मंजूर केलेल्या घरखर्चातून प्राध्यापकांचे पगार भागवले. त्या काळात विद्यापीठ चालतं ठेवणं ही जॉर्डन यांची खरी कसोटी होती.

सील वाचवणारे सरकारी काम : १८९६-९७मध्ये बेरिंग समुद्रातल्या सीलच्या चौकशीसाठी सरकारने त्यांना नेमलं. खाणं शोधायला समुद्रात गेलेल्या माद्या मारल्या जात आणि किनाऱ्यावर पिल्लं उपाशी मरत, हे त्यांच्या पथकाने दाखवून दिलं. पुढे १९११मध्ये अमेरिका, ब्रिटन, रशिया आणि जपान यांनी करार करून खुल्या समुद्रातली ही शिकार थांबवली.

सुईदोरा घेऊन विज्ञान : १९०६च्या भूकंपात स्टॅनफर्डमधल्या माशांच्या बरण्या फुटल्या, चिठ्ठ्या इकडेतिकडे झाल्या. कोणता मासा कोणता, हे पुन्हा हरवू नये म्हणून चिठ्ठ्या थेट माशांनाच शिवल्या गेल्या.

काळी बाजू : जॉर्डन सुप्रजननवादाचे कट्टर पुरस्कर्ते होते. काही माणसांचा वंश वाढू नये, असं ते उघड मांडत. त्यांचा युद्धविरोधही बराचसा याच विचारातून आला होता : युद्धात ‘उत्तम’ तरुण मरतात आणि वंश खालावतो, असं त्यांचं म्हणणं. २०२०मध्ये स्टॅनफर्ड आणि इंडियाना या दोन्ही विद्यापीठांनी इमारतींवरून त्यांचं नाव काढलं.

ते योग्यच झालं. पण सीलची चौकशी आणि माणसांची प्रतवारी एकाच शास्त्रज्ञाच्या हातून झाली, हे प्राणिशास्त्राच्या प्रत्येक वर्गात शिकवलं पाहिजे.