बोअरच्या मोटरीत निघणारं ते काळं 'प्लास्टिक' नेमकं काय असतं? त्यात काच कशाला घालतात?

एप्रिल-मे आला की परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या शिवारात एक दृश्य ठरलेलं. बोअरचं पाणी तुटतं, मोटर नुसतीच घरघरते आणि मग माणसं बोलावून सगळे पाइप वर ओढले जातात. पंप उघडला की आतून एकावर एक बसवलेल्या काळ्या चकत्या निघतात. हेच इम्पेलर. हे फिरतात म्हणून पाणी वर चढतं. आणि तिथं उभं असलेलं कुणीतरी म्हणतंच, "एवढे पैसे घेतले आणि आत प्लास्टिक?"

राग बरोबर आहे, पण ते साधं प्लास्टिक नाही. अनेक सबमर्सिबल पंपांत हे इम्पेलर 'नोरिल' नावाच्या प्लास्टिकचे असतात आणि त्यात काचेचे बारीक तंतू मिसळलेले असतात. तंतूची जाडी १० ते १५ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या कितीतरी पट कमी.

(जाता जाता, बाजारात 'फायबरची खुर्ची' म्हणून जी मिळते, तिच्यात बहुतेकदा फायबर नसतंच.)

काच तर फुटते, मग ती घालून ताकद कशी वाढते?

मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं आठवा. भिंतीला लिंपायच्या मातीत भुसा, काड मिसळायचे. नुसती माती वाळली की तडकते. काड असली की ती मातीला धरून ठेवते, भेग पसरू देत नाही. इथंही तेच. प्लास्टिक म्हणजे माती आणि काचेचा तंतू म्हणजे काड. ओढ बसली की प्लास्टिक तो भार तंतूंवर टाकतं.

फरक किती पडतो, हे नायलॉन-६ वरून कळतं. त्याची एक चौरस मिलिमीटर छेदाची कोरडी पट्टी साधारण ८ किलोची ओढ सहन करते. वजनाच्या ३० टक्के काच घातली की तीच पट्टी १७-१८ किलोपर्यंत जाते. ताठपणा तिप्पट होतो. भाराखाली साधं नायलॉन ६५ अंशांच्या आसपास वाकायला लागतं, काचवालं २०० अंशांपर्यंत तग धरतं. आणि एवढं होऊन वजन लोखंडाच्या सहाव्या हिश्शाच्या जवळपास.

पण काच फुकट काही देत नाही.

साधं नायलॉन तुटायच्या आधी चांगलं ताणलं जातं, बऱ्याचदा निम्म्याहून जास्त. काचवालं ३-४ टक्के ताणलं की थेट तुटतं. म्हणजे ते आधी वाकून इशारा देत नाही. काल चांगला चाललेला पार्ट आज एकदम दोन तुकड्यांत निघाला, की दरवेळी फसवणूकच झाली असं नाही. या मटेरियलचा स्वभावच तसा आहे.

दुसरी गोष्ट दिशेची. साच्यात वितळलेलं प्लास्टिक ज्या बाजूला वाहतं, बरेचसे तंतू त्याच बाजूला आडवे होतात. त्या दिशेला पार्ट मजबूत, आडव्या दिशेला बराच कमजोर. साच्यात दोन बाजूंनी आलेले प्रवाह जिथं भेटतात, तिथल्या जोडावर तंतू एकमेकांत नीट गुंततच नाहीत. भेग अनेकदा तिथूनच सुरू होते.

मग पंपात नायलॉन का नाही? कारण नायलॉन पाणी पितं. कायम पाण्यात राहिलं तर साधं नायलॉन-६ वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी शोषतं, फुगतं आणि मऊ पडतं. इम्पेलर आणि त्याच्या घरात फट अगदी थोडी असते, तिथं फुगणं परवडत नाही. नोरिल पाणी जवळपास शोषतच नाही.

मात्र त्यालाही मर्यादा आहे. २० टक्के काच असलेलं नोरिल भाराखाली साधारण १३० अंशांपर्यंत टिकतं. बोअर आटला आणि मोटर कोरडी फिरत राहिली की थंडावा देणारं पाणीच नसतं. घासून उष्णता वाढते, चकत्या मऊ होऊन चिकटतात. उन्हाळ्यातल्या बऱ्याच दुरुस्त्यांचं मूळ इथं असतं, म्हणून पॅनेलमधलं ड्राय-रन संरक्षण चालू आहे ना, ते बघायला हवं. पाण्याबरोबर वाळू येत असेल तर ती झीज वेगळीच.

आता मुद्दा सुट्या भागांचा. तंतूचा जोर त्याच्या लांबीत आणि प्लास्टिकला किती घट्ट चिकटलाय यात असतो. दाण्यात ३-४ मिलिमीटरचा घातलेला तंतू मशीनच्या स्क्रूमधून जाताना अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली येतो. जुने पार्ट दळून पुन्हा वितळवले की तो आणखी तुटतो. असा इम्पेलर दिसायला तोच, रंग तोच, वजनही तेच. काचेची टक्केवारीसुद्धा तीच भरते, ताकद मात्र कमी. हातात घेऊन हा फरक ओळखता येत नाही. त्यामुळे स्वस्तातली चकती टाकायची की पंपाच्या कंपनीचा पार्ट बिलासकट घ्यायचा, हे ठरवताना पाइप पुन्हा वर ओढायची मजुरीही हिशेबात धरावी लागते.

घरात हे मटेरियल बघायचं असेल तर ड्रिल मशीनचं किंवा गाडीच्या इंजिनाजवळचं एखादं प्लास्टिकचं झाकण उलटं करून बघा. आतल्या बाजूला 'पीए६-जीएफ३०' असा इंग्रजी अक्षरांतला शिक्का सापडू शकतो. पीए म्हणजे नायलॉन, जीएफ म्हणजे काचेचा तंतू आणि ३० ही त्याची टक्केवारी.