सहाव्या वर्षाची दाढ

आमच्या घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत, व दातांच्या बाबतींत सल्ला देण्याचा मान आजवर आमच्याकडे होता. सत्तरी उलटली तरी आमचे बहुतेक दात जागच्या जागीं आहेत, एवढीच काय ती आमची पात्रता! गेल्या माघांत आमची ८ वर्षांची नात थंड पाणी पितांना गालावर हात ठेवूं लागली, तेव्हां सूनबाईंनीं ती गोष्ट आमच्या कानांवर घातली. आम्हीं तिला दिव्याजवळ नेऊन तोंड पाहिलें. खालच्या डाव्या बाजूची अगदीं मागची दाढ मध्यभागीं काळवंडली होती. आम्हीं निकाल दिला, "दुधाची दाढ आहे, आज ना उद्यां पडायचीच. तिच्यासाठीं दवाखान्याच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या?" घरांत आमचा शब्द सहसा कोणी मोडीत नाहींत. चैत्रांत एके रात्रीं पोर कळवळून उठली. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. पहांटेस गाल सुजून डोळा अर्धा मिटला, तेव्हां आमचें वैद्यक संपलें.

दंतवैद्य बाई वयानें आमच्या कन्येसारख्या. त्यांनीं बोटाच्या पेराएवढी एक चपटी पट्टी नातीच्या तोंडांत धरली, आणि क्षणार्धांत शेजारच्या पडद्यावर दाढेचें चित्र उमटलें. आम्हांस मौज वाटली. राँटजेनच्या किरणांची वार्ता जगांत पसरून पंधरवडा होतो न होतो तोंच, १८९६ च्या जानेवारींत, जर्मनींतील ऑटो वाल्कहोफ या दंतवैद्यानें स्वतःच्या दातांचें क्ष-किरण चित्र घेतलें होतें. त्या गृहस्थास त्याकरितां २५ मिनिटें निश्चल राहावें लागलें. परंतु आमची मौज फार वेळ टिकली नाहीं. बाईंनीं आम्हांस पडद्याजवळ बोलाविलें व म्हणाल्या, "आजोबा, या पुढच्या दोन दाढा पाहा. त्यांच्याखालीं नव्या दातांचे कोंब दिसत आहेत, त्या दुधाच्या. या मागच्या दाढेखालीं कांहीं दिसतें का?"

कांहींच दिसत नव्हतें. ती दाढ कायमची होती. मुळांतील जंतुविकार हाडापर्यंत पोंचला होता, आणि दाढेचा माथा इतका पोखरला गेला होता कीं तिच्यावर कांहीं उभारण्यास जागाच उरली नव्हती. ती काढावी लागली.

आमच्यासारखी चूक शिकलेल्या घरांतूनहि सर्रास होते, म्हणूनच हा लेख लिहीत आहों. दुधाचे दात २० असतात. ते एकेक पडून त्यांच्या जागीं नवे येतात, हें आपण सर्व जाणतों. त्यामुळें कांहीं पडल्यावांचून नवें कांहीं येत नाहीं अशी आपली समजूत होऊन बसते. परंतु सुमारें ६ व्या वर्षीं, शेवटच्या दुधाच्या दाढेच्याहि मागें, वर दोन व खालीं दोन अशा चार कायमच्या दाढा निघतात. त्यांच्यासाठीं कोणताहि दात पडत नाहीं. घरांत कोणास वर्दी मिळत नाहीं. जन्मभर चावण्याचा मोठा भार ज्यांनीं वाहावयाचा, त्या दाढा अशा चोरपावलांनीं येतात. शिवाय नव्यानें निघालेली दाढ शेजारणीपेक्षां खालच्या पातळीवर असल्यामुळें ब्रश तिच्यावरून नुसता घसरून जातो. तिच्या माथ्यावरील चरे खोल व अरुंद, आणि नव्या दंतवल्काला अद्याप पुरतें काठिण्य आलेलें नसतें. कीड लागण्यास याहून सोयीचें स्थळ तें कोणतें?

मग बाईंनीं खाण्यापिण्याची चौकशी केली. सूनबाई म्हणाल्या कीं मुलगी गोड फार खात नाहीं. तें खरेंच होतें. पण थोडें थोडें किती वेळां, हें कोणीं मोजलें होतें? शाळेंतून आल्यावर बिस्किट, आमच्या चहाबरोबर दुसरें, आत्याबाईंच्या डब्यांतली चिक्की, संध्याकाळीं देवापुढची खडीसाखर. अकरा माणसांच्या घरांत मुलांस खाऊ देणारे हातहि अकरांना एकच कमी!

या प्रश्नाचा निकाल स्वीडनमध्यें लागला, आणि तो ज्या रीतीनें लागला ती वाचून आम्हांस झोंप आली नाहीं. लुंड गावाजवळ विपेहोल्म नांवाचें मतिमंद रुग्णांचें मोठें रुग्णालय होतें. तेथें १९४५ पासून कित्येक वर्षें आहार व दंतक्षय यांविषयीं प्रयोग झाले. कांहीं रुग्णांस जेवणाबरोबर भरपूर साखर दिली. कांहींस दोन जेवणांच्या मध्यें दातांस चिकटून राहील अशी मुद्दाम बनविलेली टॉफी, एका गटास तर दिवसाला २४ देण्यांत आल्या. जेवणाबरोबरच्या साखरेनें किडीचें प्रमाण फारसें वाढलें नाहीं. मधल्या वेळच्या चिकट टॉफीनें तें झपाट्यानें वाढलें, व टॉफी बंद करतांच पुन्हां उतरलें. निष्कर्ष १९५४ मध्यें प्रसिद्ध झाले. खर्चाचा कांहीं भाग मिठाई व साखरेच्या कारखानदारांनींच उचलला होता! ज्यांचे दात किडविले गेले त्यांस संमति विचारली नव्हती, व ती देण्याची त्यांची शक्तिहि नव्हती. आज कोणताहि सुधारलेला देश असा प्रयोग होऊं देणार नाहीं. त्या अनाथांच्या दातांवर आपल्या मुलांच्या दातांचें ज्ञान उभें आहे, एवढें तरी स्मरणांत असावें.

त्यामागील कारण अमेरिकन संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनीं १९४० च्या सुमारास मोजून दाखविलें होतें. दातांवरच्या चिकट थरांतील जंतु साखर मिळतांच कांहीं मिनिटांत आम्ल तयार करतात. लाळेनें तें निवळण्यास अर्धा ते एक तास लागतो. त्या अवधींत दंतवल्कांतील क्षार विरघळत असतात. एकदांच पोटभर खाल्लेला लाडू दातांस एकदांच आम्लांत बुडवितो. तोच लाडू चिमूट चिमूट दिवसभर पुरविला तर दांत दिवसभर भिजत राहतात. स्वीडिश लोकांनीं यावरून मुलांस मिठाई फक्त शनिवारीं देण्याची चाल पाडली, ती तेथें अद्याप चालू आहे.

नातीच्या उरलेल्या तीन दाढांपैकीं एकींत भरण घातलें. दोन निर्दोष होत्या, त्यांचे चरे बाईंनीं पातळ राळेसारख्या द्रव्यानें बुजविले. टोंचणें नाहीं, कोरणें नाहीं. दाताच्या पृष्ठावर सौम्य आम्ल लावून तें किंचित् खरखरीत केलें म्हणजे असें द्रव्य घट्ट धरतें, हें मायकेल बुओनोकोर यांनीं १९५५ मध्यें दाखवून दिलें. सहाव्या वर्षीं हेंच केलें असतें, तर चौथीहि बहुधा वांचली असती. फ्लोराइडयुक्त पेस्ट मटाराच्या दाण्याएवढीच घ्यावी, गिळूं नये, व थुंकल्यावर लगेच खळखळून चूळ भरूं नये, असेंहि त्यांनीं बजाविलें. मात्र चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या बाजूच्या कांहीं गांवीं विहिरींच्या पाण्यांतच फ्लोराइड जास्त असतें. तेथील वाचकांनीं आपल्या दंतवैद्यास विचारून काय तें ठरवावें.

घरीं आल्यावर आम्हीं शनिवारच्या खाऊचा ठराव मांडला. सौ.नीं तो तत्काळ हाणून पाडला. "नैवेद्य काय फक्त शनिवारीं दाखवायचा?" अखेर असें ठरलें कीं प्रसाद असो कीं चिक्की, जें गोड तें जेवणाच्या पानांत. आत्याबाईंचा डबा वरच्या फळीवर गेला. त्या दोन दिवस कोणाशीं बोलल्या नाहींत.

परवां नातीनें आरशांत पाहून विचारलें, "आजोबा, या जागीं नवी दाढ केव्हां येईल?" आम्हीं खरें तें सांगितलें. धाकट्या नातवास श्रावणांत ६ वर्षें पुरीं होतील. त्याच्या मागच्या हिरड्या किंचित् फुगल्यासारख्या दिसतात. या वेळीं निकाल न देतां आम्ही त्यास घेऊन बाईंकडे जाणार आहों.