पडदी भिंतीचा माथा

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या कोयना भूकंपाचे धक्के कोल्हापुरातही जाणवले होते. म्हणूनच या भागात शाळा वा ग्रामपंचायतीची इमारत उभारताना पडदी भिंतीच्या माथ्याकडे दुर्लक्ष होता कामा नये. ही भिंत भार वाहण्यासाठी नसते. वरचा स्लॅब कालांतराने किंचित वाकतो. भिंत त्याला घट्ट भिडवल्यास तिच्यावर भार येऊन तडे जातात. नुसती फट सोडल्यास भूकंपात भिंत कोसळण्याचा धोका राहतो. यास्तव अभियंत्याने ठरविलेली फट ठेवून ती दबणाऱ्या पदार्थाने भरावी आणि केवळ स्लॅबला पक्क्या केलेल्या लोखंडी अँगलांनी भिंत दोन्ही बाजूंनी धरावी. स्लॅबला वाकण्यास वाव मिळावा, पण भिंत कलू नये, हा यामागील हेतू होय. गिलाव्यापूर्वीच ही जोडणी तपासावी. नंतर ती झाकली जाते.