रेकॉर्डकडे परतताना : मध्यम किमतीच्या टर्नटेबलची निवड

टर्नटेबल घेताना सर्वांत आधी पाहायचे ते घरात कोणत्या रेकॉर्ड आहेत. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत साधारणपणे तीन प्रकारच्या तबकड्या निघतात. पहिली मिनिटाला ७८ फेरे घेणारी, लाखेची, जड आणि हातातून निसटली तर फुटणारी. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांची नाट्यपदे याच तबकड्यांवर घरोघरी पोचली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. दुसरी बारा इंची एलपी. अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने ती १९४८ मध्ये बाजारात आणली. विनाइलचा पृष्ठभाग, बारीक खाच आणि मिनिटाला ३३⅓ फेरे यांमुळे एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले आणि ख्याल ऐसपैस ध्वनिमुद्रित करता आला. तिसरी सात इंची, ४५ फेऱ्यांची. आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये आणलेल्या या आकारात पुढे चित्रपटगीतांच्या आणि भावगीतांच्या ईपी भारतात घरोघरी गेल्या.

वेगाबरोबर खाचेची रुंदीही बदलते. ७८ च्या तबकडीसाठी सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉन लागते, स्टिरिओ एलपीसाठी सुमारे १८ मायक्रॉन. एलपीची सुई लाखेच्या तबकडीवर ठेवली तर ती खाचेच्या तळाला घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. जाड सुई एलपीवर ठेवली तर खाचच कायमची बिघडते. त्यामुळे ज्यांच्याकडे तिन्ही प्रकार आहेत त्यांना तिन्ही वेग देणारे यंत्र आणि दोन वेगळ्या सुया लागतात. केवळ एलपी आणि ईपी असतील, किंवा आज नव्याने निघणाऱ्या रेकॉर्डच घ्यायच्या असतील, तर ७८ च्या सोयीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

मध्यम किमतीत काय मिळते

रेकॉर्डची मागणी परत वाढल्याने यंत्रांची बाजारपेठही पुन्हा भरली आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये विकल्या गेलेल्या विनाइल रेकॉर्डची संख्या सीडींपेक्षा जास्त होती. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. या बाजारात एका टोकाला सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर आहेत, तर दुसऱ्या टोकाला लाखोंच्या किमतीची यंत्रे. या लेखात मध्यम किंमत म्हणजे साधारण पंचवीस ते सत्तर हजार रुपये असे धरले आहे.

स्वस्त प्लेअरमध्ये मोटर, सुईचा आर्म आणि स्पीकर एकाच हलक्या खोक्यात बसवलेले असतात. स्पीकरची थरथर सुईपर्यंत पोचते, वेग डळमळतो आणि सुई धरणारे सिरॅमिक कार्ट्रिज रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकते. हा भार बहुधा कमी-जास्तही करता येत नाही. मध्यम किमतीच्या यंत्रात तोच भार दोन ग्रॅमच्या आसपास येतो, सुई आणि कार्ट्रिज बदलता येतात आणि वेग स्थिर राहतो. सुई झिजली तर नवी मिळते. पन्नास वर्षांपूर्वीची रेकॉर्ड झिजली तर तीच ध्वनिमुद्रिका पुन्हा हाती लागेल याची खात्री नसते. म्हणून रेकॉर्डला प्रत्यक्ष स्पर्श करणाऱ्या आणि तिला फिरवणाऱ्या भागांवर पैसे खर्च करावेत. ब्लूटूथ, चकचकीत लाकूड, रंगीत दिवे यांचा विचार त्यानंतर.

वेग आणि मोटर

टर्नटेबलची थाळी फिरवण्याचे आज दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात मोटर बाजूला असते आणि रबरी पट्टा थाळीला फिरवतो. मोटरची थरथर पट्ट्यातच बरीचशी जिरते. एडगर विल्चर यांच्या एआर कंपनीने १९६१ मध्ये आणलेल्या साध्या, स्वस्त यंत्राने हा प्रकार घराघरांत रुजवला. पट्टा काही वर्षांनी सैल पडतो, तो बदलावा लागतो आणि सहज बदलता येतो. दुसऱ्या प्रकारात मोटर थेट थाळीखाली असते. टेक्निक्सने १९७० मध्ये एसपी-१० आणि १९७२ मध्ये एसएल-१२०० ही अशी यंत्रे आणली. थाळी लगेच वेग घेते, वेगावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते आणि पट्ट्याची कटकट नसते. मध्यम किमतीत दोन्ही प्रकारची चांगली यंत्रे मिळतात, त्यामुळे केवळ प्रकारावरून निवड करू नये.

वेगाची स्थिरता मात्र काळजीपूर्वक तपासावी. लांबवलेला षड्ज, सारंगीची मींड, मागे सतत घुमणारा तंबोरा यांत स्वर जरा जरी हेलकावला तरी कानाला बोचतो. तालवाद्यांनी भरलेल्या गाण्यात तोच दोष लपून जातो. म्हणून शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी दुकानात तंबोऱ्याची किंवा सनईची रेकॉर्ड लावून पाहावी. कंपन्या या हेलकाव्याचे प्रमाण ‘वॉव अँड फ्लटर’ या नावाने देतात. ते ०.२ टक्के किंवा त्याहून कमी असावे. सरासरी वेग चुकला तर पट्टी बदलते. वेग सहा टक्क्यांनी जास्त असला की काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, इथली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. काही टर्नटेबलांच्या मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो. असे यंत्र ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालवले तरी ३३⅓ ऐवजी मिनिटाला जवळपास २८ फेरेच घेते आणि गाणे तीन अर्धस्वरांहून अधिक खाली उतरते. डीसी मोटरच्या यंत्रांना ही अडचण येत नाही, मात्र अ‍ॅडॉप्टर इथल्या विजेला चालणारा हवा.

आर्म, कार्ट्रिज आणि सुई

आर्मच्या मागच्या टोकाला फिरवून पुढे-मागे करता येणारे वजन असावे. सुईचा भार त्यानेच ठरतो. कार्ट्रिजच्या कंपनीने सांगितलेल्या मर्यादेतच हा भार ठेवावा. तो कमी केला की रेकॉर्ड जपली जाते, हा समज चुकीचा आहे. हलकी पडलेली सुई मोठ्या आवाजाच्या जागी खाचेत उसळते आणि तिच्या भिंतींवर आपटते. फिरती रेकॉर्ड आर्मला सतत आत ओढत असते. ती ओढ तोलणारी ‘अँटी-स्केटिंग’ची सोयही हवी.

या किमतीत बहुतेक यंत्रांवर मूव्हिंग मॅग्नेट जातीचे कार्ट्रिज येते. त्याची सुई ओढून काढता येते आणि त्याच जागी दुसऱ्या घडणीची बसवता येते. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका याचे चांगले उदाहरण आहे. कार्ट्रिजचे शरीर तेच राहते, त्यात गोल टोकाची, लंबगोल टोकाची किंवा अधिक बारीक घडणीची मायक्रोलिनिअर सुई लावता येते. ७८ च्या तबकड्यांसाठी वेगळी जाड सुईही मिळते. ऑर्टोफोनच्या २एम रेड या कार्ट्रिजवर अधिक चांगली २एम ब्लू सुई चढवता येते.

सुईच्या घडणीचा परिणाम रेकॉर्डच्या शेवटाकडे सर्वाधिक जाणवतो. एलपीच्या कडेजवळ खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २०-२१ सेंटिमीटर. कमी लांबीत तितकेच संगीत कोरलेले असल्याने तिथली वळणे फार बारीक होतात आणि गोल टोकाच्या सुईला ती नीट वाचता येत नाहीत. ख्यालाच्या रेकॉर्डवर बाजू संपत येते तेव्हा बहुधा द्रुत बंदिश किंवा तराणा चाललेला असतो. तानांची गर्दी नेमकी रेकॉर्डच्या सर्वांत अवघड जागी येते. अशा संग्रहासाठी निदान लंबगोल सुई घ्यावी आणि पुढे जमेल तेव्हा मायक्रोलिनिअर.

सुई कायमची टिकत नाही. ऑडिओ-टेक्निका आपल्या लंबगोल सुईचे आयुष्य सुमारे ३०० तास आणि मायक्रोलिनिअरचे सुमारे १,००० तास सांगते. त्यामुळे दुप्पट-तिप्पट किमतीची सुई तासाच्या हिशेबाने महाग पडतेच असे नाही. यंत्र घेण्यापूर्वी त्याची सुई भारतात मिळते का, याची चौकशी करावी.

फोनो प्रीअ‍ॅम्प

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून येणारा विद्युत संकेत चार-पाच मिलिव्होल्टचाच असतो. शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्जाचे स्वर दाबलेले आणि वरचे स्वर उचललेले असतात. असे केले नाही तर खर्जासाठी खाच फार रुंद लागेल आणि तार स्वर खरखरीत बुडतील. वाजवताना हा फरक उलट दिशेने भरून काढावा लागतो. त्याचे प्रमाण १९५४ मध्ये आरआयएए या अमेरिकी संघटनेने ठरवून दिले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. संकेत वाढवणे आणि हा समतोल साधणे, ही दोन्ही कामे फोनो प्रीअ‍ॅम्प करतो.

तो तीन ठिकाणी असू शकतो : टर्नटेबलच्या आत, अ‍ॅम्प्लिफायरच्या आत किंवा वेगळ्या डबीत. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ‘फोनो’ असे लिहिलेले सॉकेट आणि शेजारी अर्थिंगचा स्क्रू असेल, तर वेगळा प्रीअ‍ॅम्प लागत नाही. टर्नटेबलमध्येही प्रीअ‍ॅम्प असेल तर मग तो बटणाने बंद करावा. दोन्ही चालू राहिले तर आवाज फाटतो. अर्थिंगची तार जोडली नाही तर स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येत राहतो.

काही यंत्रे आणि त्यांचे ऐकणारे

ऑडिओ-टेक्निकाचे एटी-एलपी१२०एक्स थेट मोटरचे आहे. ३३⅓, ४५ आणि ७८ हे तिन्ही वेग, आतला प्रीअ‍ॅम्प, व्हीएम९५ई कार्ट्रिज आणि संगणकाला जोडण्याची यूएसबी सोय त्यात आहे. तिन्ही प्रकारच्या तबकड्या असणाऱ्या आणि घरातला ठेवा डिजिटल रूपात जतन करू पाहणाऱ्या कुटुंबाला ते सोयीचे पडते.

इंग्लंडच्या रेगा कंपनीचे प्लॅनर १ पट्ट्याचे आहे. त्यात सोयी मोजक्याच आहेत. वेग बदलायला थाळी उचलून पट्टा हाताने सरकवावा लागतो, प्रीअ‍ॅम्प वेगळा घ्यावा लागतो. मात्र आर्म आणि बेअरिंग यांवर कंपनीने जीव ओतला आहे. मुख्यतः एलपी ऐकणाऱ्यांना ते आवडते.

प्रो-जेक्ट ही ऑस्ट्रियाची कंपनी. तिच्या डेब्यू कार्बन इव्होचा आर्म कार्बन फायबरचा आहे, ३३⅓ आणि ४५ हे वेग बटणाने बदलतात आणि ७८ साठी वेगळा पट्टा चढवावा लागतो. तेही प्रीअ‍ॅम्पशिवाय येते आणि किमतीने वरच्या बाजूला पडते.

ही तिन्ही यंत्रे हाताने चालवायची आहेत. रेकॉर्ड संपल्यावर आर्म आपोआप उचलला जात नाही. हात थरथरणाऱ्या ज्येष्ठांसाठी डेननच्या डीपी-३००एफसारखे पूर्ण स्वयंचलित यंत्र बरे. बटण दाबले की आर्म स्वतः रेकॉर्डवर जातो आणि शेवटी परत येतो.

घरातले जुने एचएमव्ही फिएस्टा किंवा कॅलिप्सो दुरुस्त करून वापरण्याचा मोह होतो. अशा यंत्रांत सहसा जड भाराचे सिरॅमिक कार्ट्रिज असते. आठवण म्हणून ते जरूर चालू करावे, पण चांगल्या स्थितीतल्या स्टिरिओ एलपी त्यावर वाजवू नयेत. वापरलेले जपानी टर्नटेबल घेताना वेग, आर्मची सैल हालचाल आणि नव्या सुईची उपलब्धता पाहावी, आणि नव्या सुईची किंमत व्यवहारात धरावी.

मांडणी आणि निगा

टर्नटेबल पाणसळ लावून समपातळीत ठेवावे. ते आणि स्पीकर एकाच टेबलावर नसावेत, कारण स्पीकरची कंपने सुई पुन्हा उचलते. भार मोजायला छोटा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो. कार्ट्रिजचा कोन जुळवायचा छापील तक्ता बहुतेक यंत्रांसोबत येतो.

कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत रेकॉर्डवर बुरशी धरते. तशीच रेकॉर्ड वाजवली तर सुई ती घाण खाचेत दाबत जाते. विनाइल रेकॉर्ड डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडाने, खाचेच्या दिशेने पुसावी. लेबल कोरडे ठेवावे. ७८ च्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. प्रत्येक वेळी वाजवण्यापूर्वी कार्बन फायबरचा ब्रश फिरवावा. रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या किंवा उन्हात राहिल्या तर त्या वाकतात. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. दुर्मीळ ७८ हाती असतील तर त्या हाताळण्याआधी जाणत्या संग्राहकांना विचारावे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने अशा संग्राहकांना एकत्र आणले आहे.

पैशांची वाटणी

सगळे बजेट टर्नटेबलवर घालवून साध्या संगणकाचे स्पीकर जोडले तर चांगल्या सुईचे काम वाया जाते. घरात अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर आधीच असतील, तर बहुतेक रक्कम यंत्र आणि सुईवर खर्च करता येते. काहीच नसेल आणि साठ हजार हाताशी असतील, तर निम्मे टर्नटेबलला, पंचवीस हजारांच्या आसपास आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या स्पीकरच्या जोडीला आणि उरलेले ब्रश, काटा, नवी पाकिटे आणि पुढच्या सुईसाठी राखून ठेवणे योग्य. प्रीअ‍ॅम्प वेगळा लागणार असेल तर त्याचा खर्चही याच हिशेबात धरावा. निर्णयाचा क्रम असा राहतो : आधी रेकॉर्डचे प्रकार, मग लागणारे वेग आणि सुया, मग स्थिर वेग आणि भार बदलता येणारा आर्म, त्यानंतर प्रीअ‍ॅम्पची जुळणी, आणि बाकीच्या सोयी सर्वांत शेवटी.