वाण नाही, पण गुण लागला : सवयींचा प्रसार आणि सामाजिक जाळे

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• सामाजिक जाळे, घट्ट दुवा आणि सैल दुवा या संकल्पना उदाहरणांसह स्पष्ट करता येतील;
• शब्दाचा प्रसार आणि सवयीचा प्रसार यांतील साम्य व भेद सांगता येईल;
• ‘संगतीमुळे सवय लागली’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी कोणती सावधगिरी बाळगावी, हे सांगता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, समाजभाषाविज्ञानाच्या या घटकात आपण व्यायामाचा विचार करणार आहोत. मराठीच्या अभ्यासक्रमात व्यायाम कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे : भाषा ही व्यक्तीकडून व्यक्तीकडे जाणारी सवय आहे, हे आपण मागे पाहिले. परंतु एखादा शब्द आपण नेमका कोणाकडून उचलला, हे सहसा कोणालाच आठवत नाही. व्यायामाचे तसे नसते. आपल्याला पहाटे घराबाहेर कोणी काढले, हे बहुधा प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून सवयीच्या प्रवासाची वाट येथे अधिक स्पष्ट दिसते.

प्रस्तुत लेखक अंबरनाथ पश्चिमेस राहतो. काही वर्षांपूर्वी रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटे चालण्यास सांगितले. सल्ला पटला होता. बूटही आणले होते. ते जवळजवळ दोन वर्षे खोक्यातच राहिले. पुढे खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ रोज सकाळी फाटकापाशी थांबू लागले. त्यांनी कधी उपदेश केला नाही. ‘चला सर’ एवढेच ते म्हणत. ते ताटकळत उभे राहतील, या संकोचाने लेखक खाली उतरू लागला. तीन महिन्यांत लेखकाची पत्नी येऊ लागली. मग तिच्या दोन मैत्रिणी आल्या.

डॉक्टरांपाशी ज्ञान होते, अधिकार होता. शेजाऱ्यापाशी यांतले काहीच नव्हते. तरी सवय लागली ती शेजाऱ्यामुळे. असे का झाले, हा या घटकाचा प्रश्न आहे.

२. एक म्हण आणि तिची तीन स्पष्टीकरणे

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण तुमच्या परिचयाची आहे. ‘वाण’ हा शब्द संस्कृत ‘वर्ण’पासून आलेला आहे. शेजारच्या बैलाचा रंग लागत नाही, स्वभाव मात्र लागतो, असा म्हणीचा आशय. परंतु अभ्यासकाने येथे क्षणभर थांबले पाहिजे. दोन बैल सारखे वागतात, एवढेच आपल्याला दिसते. त्याची कारणे तीन असू शकतात.

(अ) निवड : मुळात सारख्या स्वभावाचे बैल पाहूनच धन्याने ते शेजारी बांधले असतील. माणसेही आपल्यासारख्यांशी मैत्री करतात. चालण्याची आवड असलेले दोघे चालतानाच मित्र झाले, तर एकाची सवय दुसऱ्याला लागली असे म्हणता येणार नाही.

(आ) समान परिस्थिती : दोघांची दावण एक, चारा एक. एखाद्या वस्तीजवळ नवे उद्यान झाले तर पुष्कळ जण एकाच वेळी फिरू लागतील. तेथे सवय माणसाने नव्हे, उद्यानाने लावलेली असते.

(इ) संक्रमण : एकाचा गुण खरोखरच दुसऱ्याला लागला असेल. म्हणीला हाच अर्थ अभिप्रेत आहे. पण पहिल्या दोन शक्यता दूर केल्याशिवाय तो सिद्ध होत नाही.

ही अडचण केवळ तात्त्विक नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून हृदयरोगाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू आहे. त्यातील नोंदींच्या आधारे निकोलस ख्रिस्ताकिस व जेम्स फाउलर यांनी २००७ मध्ये मांडले, की मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता बरीच वाढते. हे संशोधन जगभर गाजले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या दोन संशोधकांनी तशाच पद्धतीने वेगळी माहिती तपासली, तेव्हा मुरुमे, डोकेदुखी, इतकेच नव्हे तर उंचीदेखील मित्राकडून मित्राला ‘लागते’ असे दिसू लागले! उंची संगतीने वाढत नाही, हे आपण जाणतो. म्हणजे दोष पद्धतीत होता : निवड आणि परिस्थिती यांना संक्रमणापासून पुरेसे वेगळे काढलेले नव्हते.

३. पावसाने दिलेला पुरावा

हा गुंता सोडवण्याची एक चतुर युक्ती सिनान अराल व ख्रिस्तोस निकोलाइडिस यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात योजली. त्यांच्यापाशी सुमारे ११ लाख धावपटूंच्या पाच वर्षांच्या नोंदी होत्या. धावण्याचे अंतर व वेळ उपकरणाने आपोआप नोंदलेली असल्याने कोणाच्या सांगण्यावर विसंबण्याची गरज नव्हती. अशा नोंदींचा उपयोग कसा होतो, हे आपल्याकडच्या कल्पित उदाहरणाने पाहू. तुम्ही पुण्यात राहता, तुमचा मित्र बदलापुरात. आज बदलापुरात मुसळधार पाऊस आहे, म्हणून मित्र धावला नाही. पुणे कोरडे आहे. बदलापूरचा पाऊस पुण्यातल्या तुमच्या पायांना अडवू शकत नाही. तरीही आज तुम्ही कमी धावलात, तर त्या पावसाचा परिणाम तुमच्यापर्यंत एकाच वाटेने आला असणार : मित्राच्या वाटेने.

निष्कर्ष असा निघाला, की मित्र एक किलोमीटर अधिक धावले तर त्याच दिवशी आपण सुमारे ०.३ किलोमीटर अधिक धावतो. परिणाम लहान असला तरी खरा आहे. आणखी दोन गोष्टी लक्षणीय होत्या. कमी धावणाऱ्यांचा अधिक धावणाऱ्यांवर प्रभाव पडत होता. उलट दिशेने तसा पडत नव्हता. मागून कोणी जवळ येत आहे, ही जाणीव पुढच्याला पळवते. फार पुढे गेलेला मात्र मागच्याला ओढू शकत नाही. दुसरी गोष्ट, पुरुषांवर स्त्री व पुरुष दोघांचा प्रभाव पडत होता; स्त्रियांवर केवळ स्त्रियांचा.

हे संशोधन धावण्याची नोंद ठेवणाऱ्या, म्हणजे मुळातच धावणाऱ्या माणसांचे आहे. न चालणारा माणूस चालू कसा लागतो, हे त्यातून पुरते कळत नाही. त्यासाठी दुव्यांचे स्वरूप पाहावे लागेल.

४. घट्ट दुवे, सैल दुवे

व्यक्ती आणि त्यांच्यातील संबंध यांच्या गुंफणीला ‘सामाजिक जाळे’ म्हणतात. त्यातील प्रत्येक संबंध हा एक ‘दुवा’. नित्य सहवासाचा, परस्परांवर हक्क सांगणारा दुवा घट्ट. तोंडओळखीचा दुवा सैल. जाळ्यातील बहुतेक माणसे एकमेकांना ओळखत असतील तर ते जाळे ‘घन’ होय. एकच माणूस शेजारी, सहकारी आणि नातेवाईकही असेल, तर तो दुवा ‘बहुपदरी’ होय.

मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवले, की नवी माहिती बहुधा सैल दुव्यांवरून येते. जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. नवे काही सांगतो तो दूरचा परिचित. भाषेच्या बाबतीत लेस्ली मिलरॉय यांनी बेलफास्टमधील तीन कामगारवस्त्यांचा अभ्यास करून १९८० मध्ये याची दुसरी बाजू मांडली : ज्याचे जाळे घन आणि बहुपदरी, तो स्थानिक बोली अधिक निष्ठेने जपतो. सैल दुवे नवे आणतात. घट्ट दुवे टिकवतात.

आता आपल्या परिसराकडे या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावण्या गेल्या, तरी ‘कॅम्प’ हा शब्द पत्त्यांत आणि बोलण्यात राहिला. अंबरनाथचा मराठी माणूस ‘जरा कॅम्प चारला जाऊन येतो’ असे सहज म्हणतो. त्यासाठी सिंधी कुटुंबाशी घरोबा लागत नाही. रिक्षावाल्याशी झालेला दोन वाक्यांचा व्यवहार पुरतो. ‘दाल पकवान’ हा शब्दही असाच सर्वांना ठाऊक आहे. पण मराठी घरात रविवारी पकवान तळले जाते ते बहुधा तेथे, जेथे दोन स्वयंपाकघरांत येणे-जाणे असते. शब्द सैल दुव्यावरून येतो. कृती घट्ट दुवा मागते.

याचे कारण स्पष्ट आहे. शब्द उचलायला खर्च नाही. सवय उचलायला झोप मोडावी लागते, लोक काय म्हणतील याची भीती सोसावी लागते. म्हणून एकाने केलेले पाहून माणूस हलत नाही. दोघा-चौघांकडून तीच गोष्ट दिसावी लागते. डॅमन सेंटोला यांनी २०१० मध्ये १,५२८ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात ही बाब तपासली. ज्या जाळ्यांत एकमेकांचे सोबती समान होते, तेथे आरोग्यविषयक नवा उपक्रम सुमारे ५४ टक्के लोकांनी स्वीकारला. विखुरलेल्या जाळ्यांत ३८ टक्क्यांनी. अशा प्रसाराला ‘जटिल संक्रमण’ म्हणतात.

५. महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

पहिले उदाहरण औंध संस्थानाचे. भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, हे सर्वश्रुत आहे. पण ती सवय त्यांच्यापर्यंत कशी आली? तरुणपणी ते युजेन सँडो या युरोपीय बलोपासकाच्या पद्धतीने व्यायाम करीत. १९०८ च्या सुमारास त्यांचे स्नेही असलेल्या मिरजेच्या संस्थानिकांच्या प्रभावाने ते नियमित सूर्यनमस्काराकडे वळले. पुढे ती सवय त्यांच्या कुटुंबात आणि संस्थानातील शाळांत गेली. १९३८ मध्ये लुईज मॉर्गन या पत्रकार महिलेच्या साहाय्याने त्यांचे पुस्तक इंग्रजीतून प्रसिद्ध झाले. या साखळीत दोन्ही प्रकारचे दुवे आहेत. मिरजेचा स्नेही हा घट्ट दुवा. त्यातून सवय आली. इंग्लंडमधील पत्रकार हा सैल दुवा. त्यातून कीर्ती दूर गेली.

दुसरे उदाहरण कोल्हापूरच्या तालमींचे. ‘तालीम’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ शिक्षण. ‘वस्ताद’ आणि ‘पहिलवान’ फारसीतून आले. मराठीने शिक्षणाचा शब्द घेऊन तो कुस्तीच्या जागेला दिला, यात एक सत्य दडले आहे : व्यायाम ही कोणाच्या तरी देखरेखीखाली, सोबत्यांसह शिकण्याची गोष्ट मानली गेली. तालीम ही पेठेतील माणसांना बांधणारी संस्था असते. तेथे भेटणारे कुस्तीतले जोडीदार असतात, तसेच गणेशोत्सवातले कार्यकर्ते आणि गल्लीतले शेजारीही असतात. दुवा बहुपदरी असतो. म्हणूनच फुटबॉल हा परका खेळ कोल्हापुरात रुजला तो याच जाळ्यातून. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही आज फुटबॉल संघांची नावे आहेत. खेळ बदलला, जाळे तेच राहिले.

६. उपयोजन

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. डॉक्टरांचा सल्ला ही माहिती होती, आणि माहितीला सैल दुवा पुरतो. फाटकापाशी उभा असलेला शेजारी हा रोज दिसणारा, नाही म्हणता न येणारा दुवा होता. लेखकाच्या पत्नीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. अंधार असताना एकट्या स्त्रीने रस्त्यावर निघणे हे केवळ आळसाने अडत नाही. सुरक्षितता, घरातील कामे आणि लोकांच्या नजरा आड येतात. दोन मैत्रिणी सोबत आल्या तेव्हा तिचे चालणे पक्के झाले. ‘स्त्रिया व्यायामाबाबत उदासीन असतात’ असे म्हणणारा दोष व्यक्तीला देतो. जाळे पाहणारा विचारतो, तिच्या सोबतीला कोण आहे?

हाच प्रश्न तुमच्या अध्ययनालाही लागू आहे. दूरशिक्षण घेणाऱ्यापाशी पुस्तक असते, वर्ग नसतो. नोकरी आणि घर सांभाळून रात्री एकट्याने अभ्यास करताना खंड पडला, तर तो आपल्या निश्चयाचा दुबळेपणा आहे असे तुम्हाला वाटते. पुष्कळदा तो दुव्यांचा अभाव असतो. संपर्कसत्रात भेटलेल्या दोघांचे दूरध्वनी क्रमांक घ्या. ते तुमच्यापेक्षा हुशार असण्याची गरज नाही; ठरलेल्या दिवशी ‘कुठपर्यंत आलात?’ एवढे विचारणारे असले म्हणजे झाले.

सारांश

सारखेपणा दिसला म्हणजे संक्रमण झाले असे नव्हे. निवड आणि समान परिस्थिती या शक्यता आधी तपासाव्या लागतात. शब्द व माहिती सैल दुव्यांवरून सहज पसरतात. कष्टाची सवय मात्र घट्ट, बहुपदरी दुव्यांतून आणि एकाहून अधिक माणसांच्या सोबतीने रुजते.

स्वाध्याय

१. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या’ या म्हणीची तीन संभाव्य स्पष्टीकरणे स्वतःच्या परिसरातील उदाहरण घेऊन लिहा.
२. शेजारच्या भाषेतून तुमच्या बोलण्यात आलेले पाच शब्द नोंदवा. प्रत्येक शब्द घट्ट दुव्यावरून आला की सैल, हे सकारण सांगा.
३. तुमच्या परिचयातील नियमित व्यायाम करणाऱ्या तीन व्यक्तींना ‘सुरुवात कोणामुळे झाली?’ असे विचारा. मिळालेल्या उत्तरांवरून दुव्यांची आकृती काढा.